साहेब पडल्यावर

फौजेतनं घरी आलं, की ट्रंक एका दुपारी रिकामी होते. किस्से मात्र कुठं ठेवायचे कळत नाही. म्हणून आम्ही तिघं दर बाजारच्या दिवशी गारगोटीत दस्तगीरच्या शिलाईच्या दुकानात जमतो. दस्तगीर आमच्या प्लाटूनचा वायरलेस ऑपरेटर. मी मुरगूडचा, नाईक म्हणून पेन्शनीत आलो. तिसरा चंदगडचा बाळू कांबळे, लान्सनाईक. दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. गिऱ्हाईक झंपर शिवायला येतं आणि लढाई ऐकून जातं!

*

आमचे लेफ्टनंट साहेब उत्तरेकडचे, वय तेवीस. प्लाटूनमध्ये आले त्या दिवशी कुणीतरी चेष्टेनं त्यांच्या ताटात लवंगी मिरचीचा ठेचा वाढला. साहेबांनी चांगला बोटभर घेतला. कान लालभडक, डोळ्यांतनं धारा! आम्ही पाण्याचा मग घेऊन तयारच.

साहेबांनी मग बाजूला सारला आणि म्हणाले, "नमक कम है."

त्या दिवसापासून ते आमचे झाले.

*

नव्व्याण्णव सालचा उन्हाळा. उन्हाळा म्हणायचा आपला, सगळीकडं बर्फ. डोंगराच्या टोकाला शत्रूचा बंकर. पहाटे चढताना साहेब सगळ्यांच्या पुढं होते. बंकरपासून चाळीस पावलांवर गोळी लागली आणि तिथंच पडले. हाक मारली, उठले नाहीत.

आम्ही दगडांआड. कुणाचा हात हलेना.

तेवढ्यात सुभेदार साहेब खेकसले. हे आमच्या गारगोटीजवळच्याच खेड्यातले. "बसलायसा काय रं? साहेबांनी सुट्टी दिल्या व्हय?"

फायरिंग परत सुरू झालं. तासाभरानं तोफगोळ्याचा तुकडा सुभेदार साहेबांच्या पोटात घुसला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तर मलाच झापलं, "माझ्याकडं काय बघतोयस? फुडं बघ की!"

पुढं बघितलं. परत वळलो तेव्हा ते गेले होते.

*

हवालदार आधीच जखमी होऊन खाली गेलेले. आता हुकूम कोण देतंय म्हणून मी मागं वळून बघितलं, तर अकरा जण माझ्याकडंच बघत होते! खरं सांगतो, आजवर मी एकच हुकूम दिलेला, तंबूभोवती चर खणायचा.

इतक्यात खालून सेटवर आवाज आला, "साहब से बात कराओ."

दस्तगीर म्हणाला, "साहब नहीं रहे, सर."

"सुभेदार साहब?"

"वो भी नहीं रहे."

"हवालदार?"

"घायल है. नीचे भेजा."

"तो ऊपर है कौन?"

घाईत दस्तगीर हिंदीच विसरला. सेटवर बोंबलला, "आम्ही हाय की!"

खालचे साहेब केरळकडचे. सेट खरखरला. मग म्हणाले, "मराठी नहीं आती. लेकिन समझ गया!"

*

जमत नसेल तर मागं या, असंही खालच्या साहेबांनी सांगितलं होतं. अकरा जणांच्या जिवाचा प्रश्न; माझ्या एकट्याच्यानं ठरवणं होईना. मी प्रत्येकाला विचारत गेलो. कुणी बुटाची नाडी आवळली, कुणी काडतुसं मोजायला लागलं.

बाळू म्हणाला, "साहेब फुडं पडल्यात. आपुन मागं कसं जायाचं?"

त्याच्या दहा शब्दांतले सात संपले, आणि विषयही संपला.

दुपारी धुकं उतरलं. हाताचा पंजा दिसेना. मी म्हटलं थांबू या. बाळू उठला. "चंदगडात असल्या धुक्यात म्हसरं हुडकतोय आम्ही. हा तर बंकर हाय!"

तो पुढं, त्याच्या पट्ट्याला धरून मी, माझ्या मागं बाकीचे. बाजूच्या घळीनं चढलो. बंकरातल्या लोकांचं खोकणं ऐकू येईपर्यंत त्यांना आमचा पत्ता नव्हता. पुढचं दहा मिनिटांत झालं. आमचे आणखी दोघं गेले. त्यांचं मी दुकानात सांगत नाही.

दोन्ही साहेबांना आम्ही आमच्या हातांनी खाली आणलं.

*

नंतर कर्नल साहेब अहवालाचे कागद घेऊन बसले. "सुभेदार के बाद कमांड किसने सँभाली?"

मी म्हटलं, "बाळूनं." बाळूनं दस्तगीरकडं बोट केलं. दस्तगीर म्हणाला, "सर, मी तर नुसता बोंबललो!"

कर्नल साहेब चिडले. बाळूला पुढं बोलावून परत विचारलं. बाळू सावधान होऊन म्हणाला, "धुंध ने, सर!"

कर्नल साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला.

*

तीन-चार वर्षांनी मुरगुडात आमचा सत्कार. इलेक्शनचे दिवस. पाहुणे म्हणून आलेले पुढारी नुकतेच पार्टी बदलून आलेले, का तर त्यांचे मोठे साहेब वारले! माईक धरून म्हणाले, "नेता गेला की कार्यकर्त्यानं करायचं काय? जावंच लागतं कुठंतरी!"

दस्तगीर खुर्चीतनंच ओरडला, "आमचं एका दिवसात दोन साहेब गेलं पावणं, आम्ही न्हाई कुठं गेलो!"

पब्लिकच्या शिट्ट्या थांबेनात. श्रीफळ द्यायचं राहूनच गेलं.

*

हा शेवटचा किस्सा गिऱ्हाइकासमोर कधी सांगत नाही.

लढाईनंतरच्या पहिल्या सुट्टीत आम्ही तिघं सुभेदार साहेबांच्या घरी गेलो. वाटेत ठरवलेलं, कुणी काय बोलायचं. दारात पोचलो आणि एकमेकांना पुढं ढकलायला लागलो. बाहेरच्या सोप्यात भावकी बसलेली. कुणीतरी म्हणालं, बाईंना बाहेर बोलवू नका, अजून वर्ष झालं नाही.

सुभेदारीण वैनी आपल्याआपणच बाहेर आल्या. पंधरा वर्षं फौजी क्वार्टर्समध्ये काढलेली बाई. आम्ही अंगणात माना खाली घालून उभे. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"असं उभारतात व्हय? त्यांनी असं उभं ऱ्हाऊ दिलं असतं?" आणि एकदम कडाडल्या, "सावधान!"

तिघांचे बूट एकदम वाजले. सोप्यातली माणसं उठून उभी राहिली.

वैनी लाइनीसमोरनं चालत आल्या. बाळूच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग माझ्यासमोर थांबल्या.

"आता सांगा. पहिल्यापासनं. एकानं बी रडायचं न्हाय."

मी सगळं सांगितलं. कडा, गोळी, मांडीवरचं डोकं, "फुडं बघ की" सुद्धा. त्यांनी पापणी हलवली नाही.

सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "विश्राम."

आम्ही कुणीच हललो नाही.