डॉक्टरांची कमजोर बॅटरी

बॅटरी चार्ज व्हायला वेळ लागतो, माणूस तोवर बसतो, आणि बसला की बोलतो. धुळ्यात करीमभाईंच्या चार्जिंगच्या दुकानात मी नोकरीला होतो, तेव्हा किस्से असे आपोआप साचत गेले.

आमचे एक वकील, नानासाहेब. घर ते कोर्ट, कोर्ट ते घर, मोटार इतकीच चालायची. बॅटरी दर पंधरवड्याला आमच्याकडे!

करीमभाई म्हणाले, "नानासाहेब, गाडी सुरू करताना बॅटरी खर्ची पडते. ती भरून यायला गाडी लांब पळायला हवी."

"मग काय कोर्ट लांब नेऊ?"

"कोर्ट राहू द्या. घर बदला!"

कापडणे गावच्या आबांची बॅटरी तर बैलगाडीतून यायची! आबा चिडलेले. "गाडी नवीकोरी शे! मी रोज नुसती चालू करस, हॉर्न वाजाडस, बंद करस. कोठेच जास नही. तरी बॅटरी कशी मरनी?"

"आबा, म्हणूनच!"

दुपारी दहा-बारा बॅटऱ्या एकदम चार्जिंगला लागल्या, की त्यांतलं पाणी बारीक बुडबुडत राही. त्या आवाजानं डोळे जड व्हायचे. नानासाहेबांचा ड्रायव्हर सखाराम एकदा बाकावर गाढ झोपला आणि झोपेतच विचारता झाला, "जळगाव आलं का?"

करीमभाई हळूच म्हणाले, "नाही, आत्ता पारोळं आलंय. झोपा."

आणि तो झोपला!

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची मोटार व्हिजिटांपुरतीच, दहा मिनिटं चालायची, म्हणून बॅटरी सारखी उतरायची. त्यांची मुलगी वारली, तेव्हापासून अक्का, म्हणजे डॉक्टरीणबाई, वर्षभर उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या.

करीमभाईंनी डॉक्टरांना सांगितलं, "रोज संध्याकाळी तासभर गाडी न थांबवता चालवा."

"पण जाऊ कुठे?"

"कुठेच नको. नुसते जा."

एकट्यानं काय जायचं, म्हणून डॉक्टर अक्कांना घेऊन लळिंगच्या किल्ल्याकडे जाऊ लागले. पहिले काही दिवस अक्का मागे डोळे मिटून बसत. मग पुढे बसू लागल्या. उन्हं कलली, की सोनेरी धुळीतून मोटार संथ परत यायची. एकदा तर त्या हसताना दिसल्या.

चार महिन्यांनी एका सकाळी अक्का टांग्यानं एकट्याच दुकानात आल्या.

"करीमभाऊ, बॅटरी कशी आहे?"

"एकदम ठणठणीत, अक्का!"

टांग्याकडे वळता वळता त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नका."

दुपारी डॉक्टर बॅटरी तपासून घ्यायला आले. करीमभाईंनी काचेच्या नळीत बॅटरीचं पाणी ओढलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "अजून फार कमजोर आहे."