उभ्या गाडीचं इंजिन

हळूकाका हे नाव त्यांना पोरांनी दिलं होतं, आणि वरवर नाक मुरडलं तरी मनातून ते त्यांना आवडायचं. शाळेची बस ते इतकी हळू हाकायचे, की मागून येणारे सायकलवालेसुद्धा घंटी वाजवून पुढे निघून जात. दोन गोष्टींचा त्यांना भारी अभिमान होता. एक म्हणजे, आजवर त्यांनी थांब्यावर एकही पोर मागे सोडलं नव्हतं. कुणी एका पायात बूट घालून धावत येवो, कुणी भोकाड पसरून येवो, काका थांबायचे. दुसरी म्हणजे, उभ्या गाडीचं इंजिन त्यांनी कधी चालू ठेवलं नाही. गाडी थांबली की किल्ली फिरलीच. ज्या उस्तादाने त्यांना गाडी शिकवली, तो म्हणायचा, "उभ्या गाडीला डिझेल पाजणं म्हणजे झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबणं." हे वाक्य काका नव्या ड्रायव्हरांना स्वतःचंच असल्यासारखं ऐकवत.

त्या वर्षी नदी शाळेत शिरली. पाणी उतरलं तेव्हा वर्गांत गुडघाभर चिखल होता आणि एका भिंतीला अशी भेग गेली होती, की पलीकडचं मैदान दिसावं. शाळा बंद झाली. शिक्षणखात्याच्या जिल्हा कार्यालयाने मात्र हार मानली नाही. शिक्षक घरून फोनवर वर्ग घेणार, पोरं घरून शिकणार. आता ज्या वस्तीत इंटरनेटच नाही, तिथल्या पोरांनी काय करायचं? तर रिकाम्या उभ्या असलेल्या बसमध्ये इंटरनेटचा डबा बसवायचा आणि ती बस रोज वर्गाच्या वेळी त्या वस्तीत नेऊन उभी करायची. बसच्या अंगावर मोठ्या अक्षरांत कापडही लागलं: शाळा बंद, शिक्षण सुरू.

डबा बसवायला आलेल्या बाईंनी काकांना नीट समजावलं होतं. "काका, याला वीज तुमच्या गाडीतून मिळते. याची स्वतःची बॅटरी म्हातारी आहे. इंजिन बंद केलंत तर हा थोडा वेळ तग धरेल, मग गेला. हा दिवा हिरवा दिसला पाहिजे. वर्ग संपेपर्यंत इंजिन चालू."

"हो हो," काका म्हणाले. "तुम्ही निर्धास्त राहा."

त्यांच्या वाट्याला दगडखाणीमागची वस्ती आली. तिथलीच टकळी. ही मुलगी रोज बरोब्बर काकांच्या मागच्या सीटवर बसायची आणि घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत तिचं तोंड क्षणभर मिटायचं नाही. मांजरीला पिल्लं झाली इथपासून ते चंद्र दिवसा का दिसतो इथपर्यंत सगळं काकांना ऐकावं लागे. बाप नव्हता. आई मोठ्या दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरी धुवायची. घरात फोन एकच, आईचा. तो आता ती लेकीपाशी ठेवून कामाला जायची. वाटेत काही झालं तर कळायचं कसं, म्हणून शेजारणी बोलल्या, तेव्हा ती म्हणाली, "पोरगी शिकू दे. मला काय होतंय?"

सुरुवातीला काकांनी इमानेइतबारे इंजिन चालू ठेवलं. पण रिकाम्या बसमध्ये बसून राहणं म्हणजे शिक्षाच होती. ना कुणी हाक मारणारं, ना कुणी भांडणारं. इंजिनाची घरघर डोक्यात शिरायची, धुराने कपाळ ठणकायचं, आणि उभ्या गाडीत डिझेल जळताना पाहून जीव तुटायचा. ड्रायव्हर कसला, राखणदार झालो आपण, असं त्यांना वाटायचं. एक दिवस हात आपोआप किल्लीकडे गेला. गाडी शांत झाली. डबा तरीही हिरवाच होता. काकांनी मागच्या लांब सीटवर पाठ टेकली आणि त्यांना अशी झोप लागली, की काही विचारू नका.

जाग आली तेव्हा दिवा लाल होता. त्यांनी घाईघाईने इंजिन सुरू केलं आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणी ओरडायला आलं नव्हतं. काही पोरं खाणीच्या कडेला गोट्या खेळत होती. ही पोरं कुठे शिकतायत, काकांनी मनाची समजूत घातली, नुसती फोनवर चाळे करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली फिरली. मग तो रिवाजच पडला. लाल दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून त्यांनी त्याच्यावर काच पुसायचं फडकं टाकलं. आता हे फडकं काही उस्तादाने शिकवलेलं नव्हतं. ते काकांचं स्वतःचं होतं.

मग टकळीच्या वर्गाच्या बाईंचा निरोप दवाखान्याच्या फोनवरून तिच्या आईला गेला: मुलगी रोज वर्ग अर्ध्यावर सोडून जाते. आई त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धोबीखान्यातून तडक वस्तीत आली. लेकीचा दंड धरून ती बसकडे यायला लागली, तेव्हा काका घोरत होते. ती लांब असतानाच तिच्या ओरडण्याने ते दचकून उठले, पुढच्या सीटवर धावले आणि खिडकीबाहेर डोकं काढण्याआधी त्यांनी एक काम केलं. किल्ली फिरवली.

"भाऊ, एक विचारू?" आई खालून म्हणाली. तिचे हात साबणाने पांढरे पडलेले होते. "ही म्हणते, नेट मधेच जातं. खरं का?"

खरं बोलायला तेवढीच संधी होती. काकांना ती दिसलीही. पण कार्यालयातले साहेब दिसले, नोकरी दिसली, नव्या ड्रायव्हरांची हसरी तोंडं दिसली.

"नाही हो ताई," ते म्हणाले. "बस चालूच असते. हे काय, ऐकू येतंय ना इंजिन?" आणि एवढ्यावर थांबावं की नाही? उचलली जीभ लावली टाळ्याला. "आजकालची पोरं, ताई. खेळायचं असलं की नेट जातं, अभ्यासाच्या वेळी बरोब्बर."

टकळीने मान वर करून काकांकडे पाहिलं. ती आता बोलेल, असं काकांना वाटलं. पण रोज चंद्राचं आणि मांजरीचं सांगणारी ती पोरगी एक अक्षर बोलली नाही. आईने तिथेच तिच्या थोबाडीत मारली.

"माझ्याशी खोटं? मी फोनाविना राबते ती कुणासाठी?"

इंजिन घरघरत राहिलं. काकांनी काच वर केली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इंजिन एकदाही बंद केलं नाही. फडकं काढलं, झोपणं सोडलं, डोळ्यांत तेल घालून हिरव्या दिव्याकडे बघत बसले. पण वरातीमागून घोडं. टकळी दारात दिसेना. शेवटी शेजारणीकडून कळलं, की आईने तिला परगावी मावशीकडे पाठवलंय, तिचं तान्हं सांभाळायला. शिकायचंच नाही तर निदान कुणाच्या उपयोगी पड, असं म्हणाली म्हणे.

काका ताटावरून अर्धपोटी उठू लागले. बायको म्हणायची, "अहो, बरं नाहीये का? तोंड बघा आरशात." आरशातच तर बघवत नव्हतं. जनाची लाज एक वेळ झाकता येते, मनाची कुठे नेऊन ठेवायची? आज सांगू, उद्या सांगू, असं करत त्यांनी दिवस काढले, आणि तेवढ्यात भिंतीला टेकू देऊन शाळा उघडली. कापड उतरलं, डबा निघाला.

पहिल्या दिवशी खाणीच्या थांब्यावर सगळी पोरं चढली. काकांच्या मागची सीट रिकामी. काका थांबून राहिले. पोरं ओरडली, "काका, चला ना! ती नाही येणार!" तरी ते थांबले. मग त्यांना स्टिअरिंगवर कपाळ टेकावंसं वाटलं, पण मागे पोरं होती. आजवर एकही पोर थांब्यावर सोडलं नव्हतं म्हणे.

त्याच संध्याकाळी ते धोबीखान्याच्या मागच्या दाराशी गेले. आई ओल्या चादरींचा गाडा ढकलत बाहेर आली.

"ताई, ती खोटं बोलली नव्हती," काका म्हणाले. "मी बोललो. मी इंजिन बंद करून झोपत होतो."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती गाड्याचा दांडा धरून उभी राहिली.

"तुम्ही काका म्हणून मी तुम्हाला विचारायला आले होते," ती म्हणाली. "माझ्या लेकीपेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला मी."

"मी कार्यालयात सांगतो. लिहून देतो."

"त्याने माझी थोबाडीत मारलेली परत येते का?" असं म्हणून ती गाडा ढकलत आत गेली.

काकांनी कार्यालयात सांगितलंच. साहेबांनी पगार कापला, दोन कडक शब्द ऐकवले. ड्रायव्हरांमध्ये बातमी पसरली आणि उस्तादाचं वाक्य आता लोक काकांनाच ऐकवू लागले. काका मान खाली घालून ऐकत. आई मात्र तेव्हाच रजा टाकून बहिणीच्या गावाला गेली होती.

एका सोमवारी खाणीच्या थांब्यावर टकळी उभी होती. जरा वाळलेली, केस कुणीतरी वेडेवाकडे कापलेले. ती चढली, मागच्या सीटवर बसली. काकांनी वरच्या आरशात बघितलं नाही. एक लहानगा अजून यायचा होता, गाडी उभी होती आणि इंजिन चालू होतं. हल्ली ते कुठल्याच थांब्यावर बंद करत नसत.

"काका," मागून आवाज आला. "तुम्ही झोपायचात ना, ते मला आमच्या दारातून दिसायचं."

काकांनी समोर रस्त्याकडेच बघत विचारलं, "मग बाळा, आईला सांगितलं का नाहीस?"

"साहेब रागावले असते ना तुम्हाला."

लहानगा दूरवर दप्तर सावरत येत होता. टकळी थोडी पुढे झुकली.

"काका, आता बंद केलं तरी चालेल," ती म्हणाली. "आता मी गाडीतच आहे."

काकांनी किल्लीकडे हात नेला. किल्ली फिरवली, आणि मग वरच्या आरशात बघितलं.