उद्या सकाळी नळ येणार आहेत

शहर संपून तारेची कुंपणं आणि प्लॉटिंगच्या पाट्या सुरू होतात, तिथल्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारात आमचं रेडिओ केंद्र आहे. दोन खोल्या, भिंतींना चिकटवलेला स्पंज आणि गच्चीवर एक मनोरा. वेरूळच्या रस्त्यानं निघालं की दौलताबादच्या अलीकडेच आमचा आवाज खरखरायला लागतो आणि घाटात तुटतो. तेवढ्या टापूसाठी मी रोज सकाळी स्थानिक बातम्या वाचते, आणि संध्याकाळी त्याच बातम्या, काही बदललं असेल तर बदलून, पुन्हा वाचते.

आधी मी शाळेत मराठी शिकवायचे. पोरं कंटाळली तर समोर दिसायची. इथं समोर काच आहे आणि काचेपलीकडे बसलेला आमचा तंत्रज्ञ मोबाइलमध्ये डोकं घालून असतो. मी कुणासाठी वाचते हे बरेच दिवस मला माहीत नव्हतं. केंद्रात कुणालाच माहीत नव्हतं, पण तसं कुणी बोलत नसे.

मग पुण्याहून एक प्रशिक्षक आले. त्यांनी आम्हाला सांगितलं, की आधी तुमचा श्रोता ठरवा, तो एकच माणूस आहे असं समजा आणि त्याचं चित्र काढा. आम्ही सगळ्यांनी मिळून एक शेतकरी काढला. डोक्याला रुमाल, लिंबाच्या झाडाखाली बसलेला, शेजारी रेडिओ. प्रशिक्षक खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख मला म्हणाले, की आपला आवाज पोचतो तिथं असा माणूस कुठं राहतो ते जरा बघून या.

असा माणूस सापडला नाही. आवाराच्या भिंतीला लागून एक वस्ती होती, बहुतेक घरं बौद्ध कुटुंबांची. कुणी पिशोरकडून आलेलं, कुणी वैजापूरकडून. पुरुष बांधकामावर, बायका एमआयडीसीत नाहीतर घरकामाला. मी रविवारी दुपारी तिथल्या बुद्धविहारात गेले. वंदना संपली होती, बायका सतरंज्या गुंडाळत होत्या. जय भीम झालं. मी विचारलं, आमचा रेडिओ कुणी ऐकतं का? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. रेडिओ कुणाच्याच घरी नव्हता. पूर्वी फोनमध्ये लागायचा, आता नव्या फोनला तो इयरफोनच्या वायरीशिवाय लागत नाही, आणि काहींना तर वायर घालायला भोकच नाही. आमचा मनोरा त्यांच्या दारातून दिसत होता. तो मोबाइलचा टॉवर आहे अशीच त्यांची समजूत होती.

मी म्हटलं, समजा ऐकायचं झालं, तर कोणती बातमी ऐकाल? तेव्हा मागून एक बाई बोलली, ‘‘नळ कधी येनार ते सांगा मॅडम. बाकीचं लई हाय टीव्हीवर.’’

ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. औषधांच्या बाटल्या खोक्यात भरायच्या कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होती. नवरा गवंड्याच्या हाताखाली, कामासाठी कधी कधी आठवडाभर बाहेरगावी. घरी सासू, कंबरेतून बसलेली, खाटेवरून उठता न येणारी. नळ बऱ्याच दिवसांच्या अंतरानं येतात, वेळेचा नेम नाही, आणि आले की तासाभरात जातात. त्या तासात ती घरी असली तर ड्रम भरायचा. नसली तर पुढच्या पाळीपर्यंत शेजारच्यांकडे कळशी घेऊन फिरायचं, पण शेजारच्यांच्या ड्रमातही मोजक्याच दिवसांचं पाणी असायचं. हे सगळं तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मी एका इमारतीत राहते. आमच्याकडे बोअर आहे, उन्हाळ्यात टँकर येतो. पाण्याची बातमी ही बातमी असू शकते हे मला तिथं जाऊन कळलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्या भागाचं पाणी सोडणाऱ्या लाइनमनला फोन करायला लागले. वयस्कर माणूस होता, व्हॉल्व्हची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून फिरायचा. तो सांगेल ते मी बातमीपत्राच्या शेवटी वाचायचे. पण वाचून उपयोग नव्हता, कारण रेडिओच नव्हते. म्हणून तंत्रज्ञानं तेवढाच तुकडा कापून वस्तीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. ‘नमस्कार, ऐकू या आपल्या परिसरातील पाणीपुरवठ्याची बातमी. उद्या सकाळी नळ येणार आहेत.’ एवढंच.

ते असं पसरेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, तिथून सासरी-माहेरी. घाटात तुटणारा माझा आवाज आता पिशोरच्या बाजारात वाजत होता, जिथं त्या नळाशी कुणाचा काही संबंध नव्हता. आणि वस्तीतल्याच मागच्या गल्लीत तो पोचत नव्हता, कारण तिथल्या बायका दुसऱ्या बचत गटाच्या होत्या आणि दोन्ही गटांत बोलणं बंद होतं. एकदा भाजीच्या गाड्यावर मी मेथी मागितली तर शेजारची बाई वळून म्हणाली, ‘‘तुम्ही नळवाल्या ना?’’ मला त्या दिवशी फार आनंद झाला. केंद्रप्रमुखांनी तर प्रशिक्षकांना फोन करून सांगितलं, की श्रोता सापडला.

पुढे एकदा मी संध्याकाळी ‘उद्या सकाळी’ म्हणून वाचलं आणि रात्री धरणाकडून येणारी मोठी पाइपलाइन वाटेत कुठंतरी फुटली. सकाळी कळल्याबरोबर मी दुरुस्ती वाचली, तीही ग्रुपवर टाकली. पण कालचा तुकडा सगळ्यांनी सगळ्यांना पाठवला होता, आणि आजचा कुणी कुणाला पाठवला नाही. नळ येणार ही बातमी पुढं पाठवावीशी वाटते. येणार नाही ही कोण पाठवणार? बायका दुपारपर्यंत भांडी मांडून बसल्या. बाटल्यांच्या कारखान्यातल्या त्या बाईचाही त्या दिवशी खाडा पडला. भेटल्यावर ती म्हणाली, की पाइप फुटला त्याला तुमी काय करनार.

ते तसं निभावलं. पण काही आठवड्यांनी, नळ येऊन गेल्यावर दोनच दिवस झाले असतील, ती केंद्राच्या दारात उभी राहिली. कामाची वेळ होती म्हणून मला नवल वाटलं. तिनं पर्समधून फोन काढला आणि तुकडा लावला. माझाच आवाज. उद्या सकाळी नळ येणार आहेत. तो केव्हाचा होता मला आठवेना. आमच्याकडचा त्या आठवड्यातला नव्हता एवढं नक्की. वैजापूरच्या नणंदेनं आपल्या फोनमध्ये सापडला म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला होता, वहिनीच्या कामाला येईल म्हणून. आदल्या दिवशी ती कारखान्यात दुपारच्या पाळीला होती. आमचं खरं बातमीपत्र तिनं ऐकलं नव्हतं, घरी आल्यावर हे ऐकलं. मागच्या वेळी नळाला पाणी कमी दाबानं आलं होतं, ड्रम अर्धाच होता, तेव्हा जास्तीची पाळी देत असतील असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती, तरी ती नळासाठी थांबली. दुपारी कामावर गेली तर तिच्या जागी दुसरी बाई उभी होती.

मी विचारलं, ‘‘ताई, ग्रुपवर एकदा बघायचं नाही का?’’

‘‘तुमचाच आवाज व्हता मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘मंग आनखी काय बघायचं?’’

 ती रागावलेली असती तर बरं झालं असतं.

मी तिच्याबरोबर रिक्षानं कारखान्याच्या फाटकावर गेले. आत सोडलं नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर बाहेर आला, तरुण आणि नम्र. मी त्याला सगळं सांगितलं. चूक तिची नाही, तिला चुकीची माहिती मिळाली, ती माहिती आमच्याकडची होती. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, ‘‘मॅडम, तुमचा आवाज ओळखीचा वाटतो. आमच्या घरीपण लावतात.’’ आणि हसला. पण खाडे आधीही झाले होते, माल थांबत नाही, नवीन बाईला आता काढता येत नाही. नंबर ठेवून जा म्हणाला. तिनं नंबर दिला. परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती.  

आम्ही केंद्रात बसून उपाय काढले. प्रत्येक बातमीच्या सुरुवातीला वार आणि तारीख सांगायचं ठरलं. आठवड्याभरात तुकडे सुरुवात कापून फिरायला लागले. कुणी मुद्दाम करत नव्हतं. नमस्कार आणि तारीख ऐकायला वेळ जातो, म्हणून कुणीतरी कामाचं तेवढं ठेवलं. मग मी ‘उद्या’ हा शब्दच सोडला आणि ‘गुरुवारी सकाळी’ म्हणायला लागले. पण गुरुवार दर आठवड्याला येतो. शेवटी एकेका वाक्यात तारीख घुसवली, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते सरकारी वाटायला लागलं आणि लोक जुनेच साधे तुकडे एकमेकांना पाठवायला लागले. ते किती फोनांमध्ये होते देव जाणे. रेडिओवर बोललेलं हवेत विरून जातं म्हणून मला पूर्वी वाईट वाटायचं. आता तसं झालं असतं तर मी सुटले असते.

लाइनमनला मी एकदा म्हटलं, की भाऊ, तुम्ही जरा आधी आणि पक्कं सांगत जा. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, ‘‘मॅडम, मेरेकोच सुबह मालूम पडता. वो उप्पर से फोन आया तो मैं चावी घुमाता. शाम को आपको जो बोलता, अंदाजे से बोलता.’’ इतके दिवस मी वाचत होते तो एका माणसाचा अंदाज होता. माझ्या आवाजात गेला की तो पक्का व्हायचा.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा विहारात गेले आणि बायकांना म्हटलं, की हे आम्ही बंद करतो. आमच्यामुळे तुमचे खाडे पडतात. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. एक आजी म्हणाली, बंद केलं तर काहीच कळणार नाही, आता निदान निम्म्या वेळी तरी कळतं. ‘‘नका बंद करू,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी बोलला की बरं वाटतं.’’ बाकीच्यांनी माना हलवल्या. जिचं काम गेलं होतं तीही भिंतीला टेकून बसली होती, तिनंही मान हलवली.

तिला पुढे मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटायचं काम मिळालं. पगार कमी, पण जागा जवळ, नळ आले तर पळत घरी जाता येईल अशी. कारखान्याचा फोन आला नाही.

आम्ही बातमी चालू ठेवली. फक्त मी आता अंदाज वाचत नाही. लाइनमनला विचारते, पक्कं आहे का? नसेल तर तसं सांगते. त्यामुळे बहुतेक दिवशी माझं वाक्य असतं, की उद्याच्या पाण्याबद्दल निश्चित माहिती मिळालेली नाही. हे वाक्य कुणी पुढं पाठवत नाही.

मागच्या महिन्यात असंच वाचलं. लाइनमननं फोनच उचलला नव्हता. दुसऱ्या दिवशी वसतिगृहात कसलासा कार्यक्रम होता, दुप्पट पोळ्या होत्या. माहिती नाही म्हणजे नळ नाही असं धरून ती कामाला गेली आणि फोन पिठाच्या हातानं कशाला घ्यायचा म्हणून पिशवीत ठेवला. नवरा बाहेरगावी होता. दुपारी नळ आले, चांगल्या दाबानं, आणि बराच वेळ होते. गल्लीतल्या बायका आपापल्या ड्रमांशी होत्या. हे तिनं मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. मोरीतली तोटी नीट बंद होत नाही, त्यामुळे पाणी सगळा वेळ खाली पडत होतं, आणि सासू खाटेवर पडून ते ऐकत होती. सासूनं हाका मारल्या म्हणे. पाण्याच्या आवाजात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.