बहिणीच्या जहाजाचा व्हॉल्व्ह

माझी नोकरी वाचवली ती सातारा स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्या फिटरनं. मी सातवीत शाळा सोडलेला, मुंबईच्या गोदीत सुट्या भागांच्या कोठारात कामाला होतो. आपल्या नव्या विमानवाहू जहाजासाठी मी काढून दिलेला व्हॉल्व्ह बसला नाही, तेव्हा भीतीनं कुणाला न सांगता म्हसवडला घरी निघालो होतो.

फिटरचा जन्म गोदीतच गेला होता. माझं ऐकून त्यांनी भज्यांचा कागद गुडघ्यावर सरळ केला आणि चुन्याच्या बोटानं तिरकी रेघ ओढली.

"ही एकाच नमुन्याची जहाजं इंग्रजांनी दुसऱ्या म्हायुद्धात बांधाय घेतली, लढाई संपली तवा अर्धीच ऱ्हायली. मागनं ज्या देशानं घेतली त्यानं आपल्या सोयीनं पुरी केली. आपल्याची धावपट्टी अशी तिरकी. बहिणी हायत म्हणून एकीची चोळी दुसरीला बसतीया व्हय रं?"

मी बहिणीच्या, म्हणजे त्याच नमुन्याच्या दुसऱ्या जहाजाचा नकाशा बघून व्हॉल्व्ह काढला होता.

"आता साहेब हाकलतील," मी म्हणालो.

"हाकलू दे की. पर आदी बरोबर व्हॉल्व्ह दे, मग जा घरला."

खिशातली लोखंडी मोजपट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "नकाशातलं नाव वाचून देऊ नगं. मापून देत जा."

मी तसाच मुंबईला परतलो. चूक कबूल केली. मापून काढलेला व्हॉल्व्ह बसला. साहेब लय बोलले, पण ठेवून घेतलं.

फिटरचं नाव विचारायचं राहून गेलं. पट्टी अजून माझ्याकडं आहे. फिटरकाका, एकदा सांगलीला येऊन तुम्हाला हुडकणार, आणि ती तुमच्या खिशात स्वतः ठेवणार.