वीसपैकी एक

सहा वर्षांची व्हायच्या आधीच माझी मुलगी दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं, सगळं घडाघडा वाचायची. कवठे येमाईला, माझ्या सासुरवाडीच्या एका लग्नात, मी तिला खुर्चीवर उभं करून तेरापर्यंतचे पाढे म्हणायला लावले होते. मी बढाईखोर माणूस आहे, हे कबूलच करतो.

म्हणून दौंडच्या एका शाळेत पहिलीसाठी तोंडी परीक्षा झाली आणि तिला वीसपैकी एक गुण मिळाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तो एकसुद्धा शांत बसल्याबद्दल होता. खाली शेरा होता, 'मूल जरा हळू आहे. पुढच्या वर्षी बघू.'

सासऱ्यांचा फोन आला. "दृष्ट लागली पोरीला. तुम्हीच गावभर वाजवत फिरता, मग दुसरं काय व्हनार?" बायकोने मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. आम्हा तिघांना असा ठसका लागला की दृष्ट नव्हतीच, हे सिद्ध झालं.

मग मी मुलीलाच समोर बसवलं. "काय गं, तिथं तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?"

"पप्पा, मॅडमच्या शेजारी सर झोपले होते ना."

मी कुरकुंभला कंपनीत आहे. नाइट करून सकाळी आडवा झालो की घरात टीव्ही आवाज बंद करून बघतात, कुकर शेजारणीच्या गॅसवर लागतो आणि मुलगी पाणीसुद्धा खुणेनं मागते. झोपलेल्या माणसाजवळ बोलायचं नाही, हा नियम मीच एकदा खेकसून घातला होता. मला लाज वाटली. लाज वाटली की मी भांडायला जातो, तसा शाळेत गेलो.

"सर डोळे मिटून विचार करतात," मॅडम म्हणाल्या. तरी त्यांनी परीक्षा पुन्हा घेतली, व्हरांड्यात. कोणी पेंगत नाही ना, हे मुलीनं आधी चारी बाजूंनी बघून घेतलं. मग खणखणीत आवाजात एकोणीस उत्तरं दिली. मी मनातल्या मनात सासऱ्यांना फोन लावत होतो.

शेवटचा प्रश्न आला, "पप्पा घरी तुझ्याशी काय खेळतात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"पप्पा झोपलेत."

मी तिथे टक्क जागा उभा होतो. ते उत्तर चूक ठरावं, असं मला फार वाटत होतं. मॅडमनी त्यालाही पूर्ण गुण दिला.