मोझेल आंटीचा होकार

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मोझेल कोर्लेकरला कोणी 'बिचारी' म्हटलं, तर ती त्याला जिन्यातच गाठून झापते. ऐंशी उलटली, एकटी राहते, हृदय इतकं थकलंय की डॉक्टरने विमानाचं नावही काढू नका म्हणून बजावलंय. तरी बिचारी म्हणायचं नाही. महापालिकेच्या शाळेत जन्मभर पोरं हाकली ना, तो आवाज अजून तसाच खणखणीत आहे. बाई बेने इस्रायल. म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. मराठी माझ्याहून चोख, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावते आणि शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, गॅसला हात लावत नाही.

तिची एकुलती एक मुलगी, डेझी, इस्रायलला गेली होती. तिकडच्या म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी. कोविडमध्ये तिकडेच वारली. दफनही झालं, आणि आईला इथे फोनवर कळलं. तिची कबर आहे त्या अश्दोद गावात आंटीचे भाचे आहेत, ते अधूनमधून कबरीचा फोटो पाठवतात. पण त्या पोरांना मराठीचा म येत नाही. आंटीचं एवढंच म्हणणं असायचं, "कोणीतरी तिच्या उशाशी उभं राहून मराठीत बोला रे. इतकी वर्षं झाली, माझ्या पोरीच्या कानावर आपली भाषा नाही पडलेली." मला ते ऐकवत नसे. मेलेल्या माणसाला काय कळतंय, असं अगदी ओठांवर यायचं.

आमची गार्गी लहानपणापासून आंटीच्याच घरात पडीक. एम.ए.ला तिने विषय घेतला तोही बेने इस्रायल बायकांची मराठी गाणी. आंटी गायची, ही मोबाइलवर रेकॉर्ड करायची. वर आंटीने तिला हिब्रू अक्षरं शिकवली, पाटीवर गिरवून घेतल्यासारखी. मग परदेशातल्या कुठल्याशा ट्रस्टची शिष्यवृत्ती निघाली. ज्यूंचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हिब्रू शिकायला आणि संशोधनासाठी फिरायला पैसे देतात म्हणे. मी म्हटलं, "असल्या गोष्टीला कोण पैसे देतं गं?" तर खरंच मिळाली हो! जेरुसलेमला हिब्रूचा कोर्स, जाण्यायेण्याचा खर्च, सगळं. आंटीने त्यांच्या एलियाहू नबीच्या नावाने मलिदा केला, काम फत्ते झालं की करतात तो प्रसाद. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. मजल्यावर सगळ्यांना वाटला. आणि गार्गीने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला, "पहिल्या सुट्टीत अश्दोद. डेझीदीदीशी पोटभर बोलून येते."

त्यानंतर तिकडे पुन्हा लढाई पेटली आणि वाट लागली. ट्रस्टने कळवलं की यंदा इस्रायलला कोणालाच पाठवणार नाही. त्याऐवजी लंडनला जा, हिब्रूचा कोर्स तिथे कर, तिथल्या लायब्ररीत या लोकांची जुनी मराठी पुस्तकं आहेत, ती बघ. नाहीतर पैसे परत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून अर्ज. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

गार्गी आंटीला विचारायला गेली आणि तोंड एवढंसं करून आली. "आंटी म्हणते, एक वर्ष थांब. लढाई काय जन्मभर चालते?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार ग आई? शब्द दिलाय ना मी. नाही कळवून टाकते त्यांना."

माझं डोकंच फिरलं. पोरीने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला होता! तशीच तरातरा समोरच्या दारात गेले. आंटी मेथी निवडत बसली होती.

"बस, नीला."

"बसायला नाही आले. पोरीचं नुकसान करताय तुम्ही. पुढच्या वर्षी तिला कोण देणार आहे?"

"कोणी नाही देणार," आंटी शांतपणे म्हणाली. "आणि दिलंच, तरी तोवर मी नसेन. मला कळत नाही होय?"

"मग कशाला अडवताय?"

"ती लंडनला गेली की संपलं ना गं. मग डेझीकडे जाणारं कोणी उरत नाही. ती इथे असली की जायचंय, जायचंय असं तरी म्हणता येतं मला. स्वार्थ आहे. आहेच. आई आहे मी, देव नाही."

आता यावर काय भांडायचं? दुसरी कोणी असती तर चार कारणं पुढे केली असती, मी ती खोडली असती. हिने सरळ कबूलच केलं. तरी माझा राग जाईना. मी विनवलं, "आंटी, एकदा जा म्हणा तिला. तुमच्या तोंडून आल्याशिवाय ती जायची नाही."

"नाही म्हणणार," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीला लागली.

घरी आले तर गार्गी दारातच. "काय म्हणाली?"

"जा म्हणाली," मी सांगून टाकलं. ठरवून नाही. पण पश्चात्तापही नाही, आजही नाही.

पोरगी अनवाणीच धावली. "अगं, थांब!" करत मी मागे. मी पोचेपर्यंत तिने आंटीच्या गळ्यात हात टाकलेले. "थँक यू आंटी! मला वाटलं, तू कधीच हो म्हणणार नाहीस. मला तुझी इतकी काळजी वाटत होती..." आणि हुंदके द्यायला लागली.

तिच्या खांद्यावरून आंटीने माझ्याकडे बघितलं. कॉपी करताना पकडलेल्या पोराकडे बाई बघतात ना, तसं. एक शब्द बोलली असती तर मी माझ्याच लेकीसमोर खोटी पडले असते. मग तिचा हात गार्गीच्या पाठीवरून फिरायला लागला.

"जा गं," ती म्हणाली. "नीट शीक. थंडी असते तिकडे, कानाला बांधत जा."

गार्गी डोळे पुसत, हसत होकार कळवायला पळाली. आंटीने मेथीचं ताट पुढ्यात ओढलं, पण काडी उचलली नाही.

"माझ्या नावावर खोटं बोललीस, ते जाऊ दे," ती म्हणाली. "आता माझ्या डेझीशी बोलायला कोण जाणार, तेवढं सांग."

मी तिच्यासमोर बसले आणि मेथीची एक काडी उचलली.