सूतभरकाकांची सही

कारखान्यात त्यांना सगळे सूतभरकाका म्हणत. तीस वर्षं लेथ चालवला, पण माप सूतभरही चुकलं नाही, हे ते स्वतःच इतक्या वेळा सांगत की नाव चिकटलं ते चिकटलंच. लोखंड कापताना तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं तेलपाणी सतत पडत असे. त्यात भिजून भिजून काकांची बोटं फाटून निबर झाली होती. त्याचा त्यांना अभिमानच होता. भेगा नसलेल्या हाताला ते टर्नरचा हात मानत नसत.

यंदा कंपनीने बियांपासून केलेलं नवं तेल आणलं. माणसाला आणि कारखान्यामागच्या नाल्याला कमी त्रासाचं म्हणे. तीन महिने काकांच्या मशीनवर चाचणी आणि शेवटी काकांची सही. ते हो म्हणाले तर सगळ्या मशीनांत नवं तेल, नाहीतर पुन्हा जुनंच.

"नव्याचे नऊ दिवस," काका म्हणाले आणि सवयीप्रमाणे टाकीतल्या पाण्यात अंदाजाने तेल ओतलं. पाणी पांढरं होईना, म्हणून आणखी ओतलं. दुपारपर्यंत फेस टाकीबाहेर येऊन फरशीवर पसरला.

"काका, डब्यासोबत माप दिलंय ना!" सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला. ते वर्मी लागलं. पुढे मापाने घातल्यावर काम चोख होऊ लागलं, कापायचं टूलही जास्त टिकलं, तरी काकांचं 'नाही' ठरलेलं होतं. मान दुखावलेला माणूस पुरावे बघत नाही, आणि काका तर टर्नर.

शेवटच्या आठवड्यात काकू खिडकीपाशी त्यांच्या शर्टाला बटण लावत होत्या. काका बघतच राहिले. काकूंचीही बोटं वर्षानुवर्षं फाटलेली असायची. दोरा भेगांत अडकायचा, म्हणून सुईकाम शेजारणीकडे जायचं. काका त्यावर दर वेळी वेगळा साबण आणून देत. जखम मांडीला, मलम शेंडीला!

"पुन्हा साबण बदललास?"

"नाही. तोच आहे."

मग त्यांना उमगलं. त्यांचे तेलकट कपडे रोज काकूच हाताने धूत.

"माझ्या कपड्यांतल्या तेलानेच फाटत होते गं तुझे हात."

"ठाऊक होतं मला," सुईवरची नजर न काढता काकू म्हणाल्या. "तुमचे हात रोज दिसत होते. त्यात माझं कुठे सांगत बसू?"

काकांना स्वतःची लाज वाटली. आपल्या भेगांची फुशारकी मारताना समोर ताट वाढणारे हात त्यांनी कधी नीट पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आला. 'हातांना काही फरक पडला का?' यापुढे त्यांनी लिहिलं, बायकोचे हात बरे झाले. आणि होकारावर सही केली.

सुपरवायझरने वाचलं. "काका, इथे तुमच्या हातांचं लिहायचं असतं."

"तेच लिहिलंय," काका म्हणाले.